बरगंडीच्या आधी मामा

मागच्या शनिवारी इथं काही लिहिलं नाही, कारण अख्खा वीकेंड एका एक्सेल शीटमध्ये गेला. ऑफिसचं नव्हे. शीटचं नाव 'बरगंडी फायनल ३'.

झालं असं. कॉलेजचा एक मित्र तीन वर्षं झाली जर्मनीत आहे. त्याचा मेसेज आला: भावा, पुढच्या सप्टेंबरात चौघं मिळून फ्रान्सच्या वाईनच्या गावांत जाऊ. स्वतःची गाडी, स्वतःचा गाईड, पाच दिवस नुसतं खायचं, प्यायचं आणि द्राक्षाच्या बागांतनं फिरायचं. बसभर टुरिस्टांबरोबर नाही, एकदम प्रायव्हेट. प्लॅनिंग तू कर.

आता मला कुणी 'प्लॅनिंग तू कर' म्हटलं की माझं भान जातं. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर लॅपटॉप घेऊन बसलो तो रविवारी रात्रीच खाली आलो. मध्ये आण्णा दोनदा जिन्यातून डोकावून गेले, पोरगं एवढं मन लावून काय करतंय म्हणून. स्क्रीनवर बाटल्यांचे फोटो बघून काही न बोलता परत गेले. त्यांचं काही न बोलणं आमच्या घरात बरंच काही बोलणं असतं.

तर दोन दिवस त्या शीटमध्ये बुडून वर आल्यावर माझं एक मत झालंय, आणि ते चौघांपैकी तिघांना अजिबात आवडलेलं नाही. फ्रान्सला जरूर जावं. पण आधी नाशिकला जावं, आणि नाशिकला जाताना गाडीत एक तरी द्राक्ष बागायतदार असावा.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगतो. आलं बरगंडीतूनच.

बरगंडी म्हणजे पॅरिसहून फास्ट रेल्वेनं दीड-पावणेदोन तासांवर दिजों नावाचं शहर, आणि तिथून दक्षिणेला सान्तने गावापर्यंत गेलेला साधारण ६० किलोमीटरचा रस्ता. ६० किलोमीटर म्हणजे किती? कोल्हापुरातनं निघालो तर सांगली ओलांडून थोडं पुढं. एवढ्या पट्ट्यात जगातल्या सगळ्यात महागड्या वाईनची गावं एकाला एक लागून आहेत. लाल वाईन पिनो न्वार नावाच्या द्राक्षाची, पांढरी शार्दोने द्राक्षाची. बास. द्राक्षं मुख्यतः दोन, आणि बाकी सगळा खेळ जमिनीचा. कुठला बांध, किती उतार, चुनखडी किती, सकाळचं ऊन कुठल्या ओळीवर आधी पडतं, याच्यावर बाटलीची किंमत ठरते. या जमिनीच्या तुकड्यांना ते 'क्लिमा' म्हणतात. २०१५ साली युनेस्कोनं या क्लिमांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. म्हणजे राजवाड्यांना देतात तशी, बांधांना!

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. वूजो गावात क्लो द वूजो नावाचं एक कुंपणबंद शेत आहे, मध्ययुगात तिथल्या ख्रिस्ती साधूंनी उभं केलेलं. आकार साधारण ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर. आणि मालक किती? जवळजवळ ८०! का, तर फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या, आणि पुढं वारसा कायद्यानं सगळ्या पोरांना सारखा वाटा. मग तुकड्याचे तुकडे. कुणाच्या वाट्याला डोंगराकडची चांगली निचऱ्याची जमीन, कुणाच्या वाट्याला खाली रस्त्याकडची, पाणी धरणारी. बाटलीवर मात्र सगळ्यांनी तेच मोठं नाव छापायचं. हे वाचून मी मोठ्यानं हसलो. आमच्या आईच्या माहेरी सातबाऱ्यावर जेवढी नावं आहेत तेवढ्यांची एक क्रिकेट टीम होऊन वर अंपायर उरतील, आणि आम्हाला वाटतं भाऊबंदकी फक्त आपल्याकडं.

आणि बोन गावातला तो जुना दवाखाना. १४४३ साली बांधायला घेतलेला, रंगीत कौलांचा. आपल्याकडं देवस्थानाला जमिनी इनाम देत, तशा तिथं लोकांनी शतकानुशतकं दवाखान्याला द्राक्षाच्या बागा दान केल्या. त्या बागांच्या वाईनचा लिलाव १८५९ पासून होतो, दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी.

असो, मी वाहवत चाललो. प्लॅनिंगबद्दल शिकलेलं सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

एक, बरगंडीतले बहुतेक वाईन बनवणारे छोटे शेतकरी आहेत. त्यांच्याकडं रिसेप्शन नसतं. आधी ईमेल करून वेळ मागायची, आणि ठरलेल्या वेळी पोचायचं. सप्टेंबरात तर तोडणीची धांदल, काही वर्षं ती ऑगस्टच्या अखेरीलाच सुरू होते, तेव्हा त्यांना पाहुणे नकोच असतात. म्हणजे मित्रानं निवडलेला महिनाच चुकीचा! दोन, दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर किचन बंद, आणि रविवारी रात्री किंवा सोमवारी अर्ध्या गावाचं शटर खाली. कोकोव्हँ, म्हणजे वाईनमध्ये तासन् तास शिजवलेला कोंबडा, हा खाऊन दुपारी चालत फिरायचं असेल तर दिवसाला दोनच वाईनरी ठेवा. मी आधी पाच ठेवल्या होत्या. प्रोजेक्ट मॅनेजरसारखं, मध्ये बफर शून्य. तीन, चाखलेली वाईन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात थुंकणं हे तिथं असभ्य नाही, उलट जाणकाराचं लक्षण आहे. चौथं, तिथं गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम. आपल्याकडं तर त्याहून कमी, १०० मिलीला ३० मिलिग्रॅम. म्हणून ड्रायव्हर वेगळाच हवा, आणि खरं सांगायचं तर 'प्रायव्हेट टूर' या शब्दाला जे पैसे मोजायचे ते एवढ्यासाठीच मोजावेत. बाकी मखमली सीट, स्वागताला शॅम्पेन, सोनेरी फोल्डरमधला कार्यक्रम, हे सगळं मला फसवणुकीच्या जवळचं वाटतं. एका टूरवाल्यानं पाठवलेल्या कोटेशनमध्ये 'स्थानिक शेतकऱ्याशी संवाद, ४५ मिनिटं' अशी वेगळी ओळ होती. वेगळ्या रेटसकट.

त्या ओळीवर मी अडकलो. शेतकऱ्याशी संवाद, ४५ मिनिटं, युरोमध्ये. आणि मला माझा मामा आठवला.

मामाचं गाव पलूसजवळ, सांगली जिल्ह्यात. द्राक्षाचाच मुलूख. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधून निवडून 'तास-ए-गणेश' ही जात काढली, ती याच पट्ट्यातली. मामानं आयुष्यभर खायची आणि बेदाण्याची द्राक्षं केली. मग २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिकमधल्या विंचूरला आणि आमच्या पलूसला वाईन पार्क जाहीर झाले, महाराष्ट्रातल्या द्राक्षाच्या वाईनला करात सवलत मिळाली. गावोगाव मीटिंगा. २००५ साली मामानं एका वाईनरीशी करार केला आणि दोन एकर शिराझ लावली. डॉगरीज खुंटावर कलमं भरली, तारा ओढल्या, कर्ज काढलं.

मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर चुकवत नाही. गावात कुजबुज झालीच, माळ घालून दारूची द्राक्षं लावली म्हणून. मामा म्हणायचा, ऊस लावतोस तेव्हा मळीचं काय हुतं ते विचारतोस काय कारखान्याला?

दोन हंगाम माल गेला, पैसे उशिरा का होईना आले. मग २००८ ची जागतिक मंदी, त्यातच नोव्हेंबरात मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस पडली, वाईनचा खप कोसळला आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. २००९ च्या हंगामात मामाच्या कराराच्या वाईनरीनं माल उचलला नाही. आता तुम्ही म्हणाल, मग बाजारात विकायची. पण वाईनचं द्राक्ष बाजारात कुणी घेत नाही. मणी बारका, साल जाड, आत बिया. बेदाणा करायचा तरी बियांचा कोण खाणार? घड वेलीवरच सुकले. पुढच्या उन्हाळ्यात मामानं दोन एकर तोडलं. मी सातवीत होतो, सुट्टीला गेलो होतो. खुंट उपटताना मामा काही बोलत नव्हता, आम्ही पोरं काड्या गोळा करून गोठ्यामागं रचत होतो. पुढं दोन वर्षं मामीच्या चुलीत शिराझच जळत होती.

अशी तोडणी एकट्या मामाकडं झाली नाही. नाशिकलाही त्या दोनतीन वर्षांत वाईनच्या बागा पुष्कळांनी काढल्या. नंतर धंदा सावरला, मोठा झाला, पण ते ज्यांच्या बागा राहिल्या त्यांच्यासाठी.

आता नाशिक. मी एकदा ऑफिसच्या टीमबरोबर गेलोय, चार वर्षांपूर्वी. शनिवार दुपार, तिकिटासारखा कूपन, चाळीस जणांचा घोळका, स्टीलच्या टाक्यांसमोर सेल्फी, वीस मिनिटांत पाच घोट. गाईड पोरगी पाठ केलेलं सांगत होती. एकानं विचारलं, बाग कुठाय? तिनं काचेतून बोट दाखवलं. जेवायला पास्ता आणि पिझ्झा. नाशिकच्या मातीत, द्राक्षाच्या बागेकडं तोंड करून, पिझ्झा! मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं, कारण बरगंडीच्या शीटनं मला शिकवलं की वाईनच्या ट्रिपमध्ये बघायचं काय असतं. वेल, माती आणि तिथलं रोजचं जेवण. मग ते आपल्याकडं का बघू नये?

शिवाय नाशिकची गोष्ट आपल्यासारख्या लोकांना जवळची आहे. राजीव सामंत कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी करत होते, ती सोडून परत आले आणि नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर १९९७ च्या सुमारास वाईनची द्राक्षं लावली. २००० साली पहिली 'सुला' बाजारात आली. (नाव आईच्या, सुलभाच्या, नावावरून.) डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. आयटी सोडून शेती करीन म्हणणारे माझ्या टीममध्ये सहाजण आहेत. त्यातल्या एकानंही अजून कुंडीत कोथिंबीर लावलेली नाही, मी धरून.

तर माझा प्लॅन असा आहे. कोल्हापुरातनं सकाळी लवकर निघायचं, पंढरपूर करून अकलूजकडं. (मामा गाडीत असल्यावर पंढरपूर टाळणं शक्य नाही, टाळायचंही नाही.) तिथं मोटेवाडीला 'फ्रातेल्ली'च्या बागा आहेत. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू अशी ती भावांची कंपनी, आणि वाईन घडवायला टस्कनीहून आलेले पिएरो मासी. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात इटलीचं सांजोवेझे द्राक्ष कसं तग धरतं, हा प्रश्न मला पडून उपयोग नाही, मामाला पडला पाहिजे. तो विचारेल पाणी किती, मीठ किती, खुंट कुठला. आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा बदलेल, कारण असे प्रश्न त्याला शनिवारच्या घोळक्यात कुणी विचारत नसणार.

मग नाशिकला दोन पूर्ण दिवस, मंगळवार-बुधवार. वीकेंड नको. २६ जानेवारीला जोडून जायचा विचार असेल तर तोही सोडा, ड्राय डे असतो, नुसता द्राक्षरस पिऊन परत याल :-) दिवसाला दोनच जागा, आधी फोन करून, आणि एकच मागणी: टेस्टिंग रूम शेवटी, आधी बाग दाखवा. तोडणी चालू असेल तर पहाटे, कारण माल थंड असतानाच काढतात.

बागेत गेल्यावर बघायचं काय, तर छाटणी. फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपते, पानं गळतात, वर्षात एकदा छाटणी, एकदा पीक. आपल्याकडं वेलीला झोपू द्यायला थंडीच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, दोन छाटण्या आणि पीक एकच. सगळं युरोप सप्टेंबरात तोडणी करतं, आपण जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात वेलीला फळ धरूच द्यायचं नाही, हा एवढा मोठा जुगाड आपल्या लोकांनी बसवलाय आणि तो कुठल्या टेस्टिंग रूमच्या भिंतीवर मी तरी वाचलेला नाही. हे मला मामानं फोनवर दहा मिनिटांत सांगितलं. रेट न लावता.

जेवणाचं बघा. कोल्हापूरकर म्हणून माझं ठाम मत आहे की तांबड्या रश्श्याबरोबर भारी लाल वाईन पिणं हा दोघांवरही अन्याय आहे. तिखटावर अल्कोहोल आणि तुरटपणा पडला की जीभ अजून भाजते. शेनँ ब्लांक नावाची पांढरी वाईन नाशिकला भरपूर होते, तिच्यातली किंचित गोडसर, थंडगार बाटली तिखटाबरोबर चांगली जमते. पांढऱ्या रश्श्याबरोबर शार्दोने मी घरी करून बघितलंय. (आण्णा देवळात गेले होते.) एक नंबर. नाशिकला दुपारी मखमलाबाद किंवा गंगापूर रोडकडची मळ्यातली मिसळ खायची, आणि कोल्हापूरची भारी की नाशिकची यावर गाडीत भांडायचं. सोबत कोल्हापूरचा गूळ आणि मामाच्या शेडवरचा बेदाणा न्यायचा. गूळ, सांगलीचा बेदाणा आणि नाशिक व्हॅलीची वाईन, तिघांनाही जीआय मिळालेला आहे. बरगंडीवाले चीज ठेवतात, आपण बेदाणा ठेवू.

मित्रांची हरकत अशी की हे ट्रिप कमी आणि शिवारफेरी जास्त झाली. जर्मनीवाला म्हणाला, भावा, मी सुट्टी काढून मामाला बघायला येऊ? त्याचं एक म्हणणं मला पटतं: नाशिकची वाईन बरगंडीच्या तोडीची नाही. नाहीच. तिकडं साधूंनी कित्येक शतकं कुठला बांध कसा ते बघून ठेवलंय, आपली सगळी मिळून पंचवीस-तीस वर्षं. पण बरगंडीत जाऊन मी काय बघणार? मला वेलीचा ओलांडा कुठला आणि काडी कुठली हे कळत नाही, भुरी आणि केवडा यातला फरक पानावर दाखवता येत नाही. ४५ मिनिटं त्या शेतकऱ्यासमोर उभा राहून मी फोटोच काढणार. घरच्या वेलीवर आधी शिकून गेलो तर निदान एखादा बरा प्रश्न विचारीन.

आण्णांची हरकत वेगळी. "दारू प्यायला साडेचारशे किलोमीटर? पेठेत मिळत न्हाई व्हय?" जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं सुपरमार्केटात वाईन ठेवू द्यायचं ठरवलं तेव्हाही आमच्या घरी हीच चर्चा होती. निर्णय शेतकऱ्याच्या नावानं, विरोध संस्कृतीच्या नावानं, आणि पुढं तो निर्णय अमलात आलाच नाही. त्या महिनाभरात टीव्हीवर वाईनची द्राक्षं लावून तोडलेला एकही माणूस मी बोलताना बघितला नाही. मी आण्णांना म्हटलं, मामा येणारेत. ते जरा थांबले, म्हणाले, "तो पिणार न्हाई."

बरोबर आहे, मामा पिणार नाही. मी फोन केला तेव्हा पहिलं वाक्य तेच. मी म्हटलं, मामा, तुम्ही प्यायचं नाही, नुसतं बघायचं. लाकडाच्या पिंपात शिराझ असते ती बघा. तुमची शिराझ गेली कुठं ते तुम्ही कधी बघितलंच नाही. बराच वेळ पलीकडनं आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाला, "वास घेटला तर माळंला काय हुत न्हाई न्हवं?"

मी म्हटलं, ते तुम्ही पंढरपुरात विचारून घ्या, वाटेवरच आहे. हसला. मग लगेच अटी सुरू. स्वतःचा माल बेदाण्याच्या शेडवर गेल्याशिवाय हलणार नाही. मामीला घ्यायचं. एसी गाडी नको, कान दुखतो. त्यामुळं फेब्रुवारीची तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. पांढरी द्राक्षं तोवर उतरलेली असतील, पण लाल उशिरा पिकतात, शिराझ कुठंतरी वेलीवर असेल अशी आशा आहे.

शीटचं नाव आता 'नाशिक फायनल १'. काल रात्री मामाचा परत फोन. म्हणाला, "त्या लोकास्नी आदूगर इचारून ठेव, गोडी छाटणी कवा घेटली आनि घड किती राखल्यात एका झाडावर. न्हाईतर तितं जाऊन उगं मुक्यासारखं हुबं ऱ्हायचं."

तेवढी एक नवी कॉलम वाढवलीय.